रंग उडत नाही, पोपडा पडतो

फर्दापूरच्या टी-पॉइंटवर खासगी गाड्या थांबतात. तिथून पुढचे चारेक किलोमीटर बसने जायचे आणि मग लेण्यांची पायवाट धरायची. या वाटेवर स्फटिकांचे दगड विकणारे भेटतात. फोडलेल्या दगडाची एक वाटी हातात घेऊन नीट पाहावी. बाहेर काळा, जड बेसाल्ट असतो. आत पांढरे, कधी फिकट गुलाबी स्फटिक चमकत असतात. पुष्कळ तुकड्यांत या दोघांच्या मध्ये हिरवट मातीची एक पातळ साय धरलेली दिसते. गिऱ्हाईक पैसे मोजते ते स्फटिकाचे. त्या हिरव्या सायीकडे कुणी बघतही नाही. पण अजिंठ्याच्या भिंतींवरची हिरवी पाने ज्या रंगाने रंगवली, तो याच जातीच्या मातीचा रंग आहे. पद्मपाणीच्या अंगावरची तांबूस झाक आणि चित्रांतले पिवळे, तपकिरी, विटकरी रंग हेही तिचेच सोयरे आहेत. या सगळ्या रंगांचे कूळ एकच, ते म्हणजे लोखंड. लोखंडाच्या संयुगांनी अजिंठा दीड हजार वर्षे रंगीत ठेवला, हे खरे. पण ‘इतकी वर्षे रंग टिकले, म्हणजे चित्रेही टिकतील’ असा जो अर्थ आपण त्यातून काढतो, तो चुकीचा आहे. रंग उडणे आणि पोपडा पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अजिंठ्याला भीती आहे ती पोपड्याची. आणि ती भीती कमी करण्याचे एक मोठे साधन लेण्यांच्या आत नसून फर्दापुरात आहे.

सुरुवात दगडापासूनच करू. ज्या कातळात ही लेणी खोदली, तो दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून तयार झाला. त्याच्या वजनात लोखंडाच्या ऑक्साइडांचा वाटा साधारण दहा ते चौदा टक्के असतो. ताज्या दगडात हे लोखंड बहुतांशी अशा अवस्थेत असते, की त्याचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन बसलेला असतो. त्याला फेरस लोह म्हणतात. दगडाच्या काळेपणात त्याचा मोठा हात आहे. दगड उघड्यावर आला, त्यात पाणी मुरले, हवेतला ऑक्सिजन पोचला, की या लोखंडाचा आणखी एक इलेक्ट्रॉन जातो आणि ते फेरिक होते. इथून रंग बदलतो. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असला, की लाव्ह्याच्या दोन काळ्या थरांमध्ये कधी कधी विटकरी पट्टा दिसतो. एक थर ओतला गेल्यावर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात वरच्या दगडाची माती झाली आणि तिच्यातले लोखंड तांबडे पडले. काळ्या दगडाच्या पोटात तांबडा रंग पहिल्यापासून होताच; त्याला बाहेर काढले हवेने आणि पाण्याने.

फेरिक लोखंडाची दोन रूपे चित्रकाराच्या कामाची आहेत आणि मराठी घरांना दोन्ही ओळखीची आहेत. एक गेरू आणि दुसरी पिवडी. गेरूला रंग देणारे खनिज म्हणजे हेमाटाइट. त्यात लोखंडाच्या दोन अणूंमागे ऑक्सिजनचे तीन अणू असतात, आणि वजनाने त्यात सुमारे सत्तर टक्के लोखंडच असते. पिवडीतले खनिज गोथाइट. तेही लोखंड आणि ऑक्सिजन यांचेच, फक्त त्याच्या घडणीत हायड्रोजनही बांधलेला आहे. पिवडी अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापवली, की तो हायड्रोजन थोडा ऑक्सिजन सोबत घेऊन पाण्याच्या वाफेच्या रूपाने निघून जातो आणि मागे गेरू उरतो. कुंभाराच्या भट्टीत लोहयुक्त माती तांबडी होते त्यामागे हेच रसायन आहे. भट्टीला हवा मिळाली की मडके लाल निघते. हवा कोंडली आणि धूर माजला की तीच माती काळी निघते, कारण ऑक्सिजनच्या टंचाईत लोखंड पुन्हा मागच्या अवस्थेकडे सरकते आणि त्यावर काजळीही चढते. हेमाटाइटच्या कणांचा आकारही रंग ठरवतो. कण बारीक असले तर झळझळीत लाल, भरड असले तर जांभळट, करडा. म्हणून रंग किती वेळ खलायचा आणि पाण्यात किती वेळा निवळायचा, यावर लालाची छटा अवलंबून असते.

हिरव्या रंगाची गोष्ट आणखी वेगळी आहे. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. त्यांतून कोमट, क्षारयुक्त पाणी झिरपत राहिले. त्याने आधी पोकळीच्या भिंतीला हिरव्या मातीचे अस्तर लावले आणि मग आत झिओलाइटचे स्फटिक वाढवले. या हिरव्या मातीतले मुख्य खनिज सेलाडोनाइट. त्याच्या पत्र्यांसारख्या थरांत फेरस आणि फेरिक अशी दोन्ही प्रकारची लोखंडे शेजारी शेजारी बसलेली असतात. एकाकडून दुसऱ्याकडे इलेक्ट्रॉनची ये-जा होताना प्रकाशातला काही भाग गिळला जातो आणि उरलेला आपल्याला हिरवा दिसतो. ही माती भाजली तर ती तांबूस-तपकिरी होते, म्हणजे तिथेही अखेर लोखंड आपला मूळ रंग सांगतेच. अजिंठ्याच्या रंगांचा पद्धतशीर रासायनिक अभ्यास १९३०च्या दशकात एस. परमशिवन यांनी केला. त्यांच्या आणि पुढच्या अभ्यासांतून रंगांची यादी स्पष्ट झाली आहे : लाल आणि पिवळी गेरूवर्गातली माती, हिरवी माती, दिव्याची काजळी, चुना आणि पांढरी माती, आणि निळ्यासाठी लाजवर्द. लाजवर्द दूर अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आला असणार. काजळी दिव्यावर धरता येते. बाकीचा बहुतेक रंगपट डोंगराच्या आसपास, पायाखालच्या मातीत मिळण्याजोगा होता. पहिली रेघ लाल गेरूनेच काढली जाई आणि मग आकृती भरली जाई. हे चित्र लोखंडाने सुरू होते.

हे रंग का टिकले, याचे उत्तर दुसऱ्या रंगांशी तुलना केली की कळते. आपल्या परंपरेत लालासाठी शेंदूर आणि हिंगूळही होते, पिवळ्यासाठी हरताळ, निळ्यासाठी नीळ. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. भिंतीवर दमट हवेत आणि उजेडात तो काळवंडतो. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे गंधकाशी झालेले संयुग. तेही प्रकाशाने काळे पडते. हरताळ उजेडात फिकट होतो. नीळ वनस्पतीची, तिचा रेणू प्रकाशाने तुटतो आणि रंग जातो. या सगळ्यांना पुढे आणखी कुठेतरी जायचे असते, आणि हवा-उजेड त्यांना तिकडे ढकलत राहतात. गेरूला पुढे जायला जागाच नाही. हवेत लोखंड जिथपर्यंत जाऊ शकते, तिथे तो आधीच पोचलेला आहे. ऑक्सिजन त्याचे आणखी काही करू शकत नाही, कारण ऑक्सिजनने करायचे ते करून झाले आहे. उजेडही त्याचे फारसे बिघडवत नाही. हिरव्या मातीतले लोखंड सिलिकेटच्या चौकटीत इतके घट्ट बसलेले असते, की साध्या हवेला तिथे शिरकाव करणे कठीण जाते.

इथे वाचकाच्या मनात गंज येईल, आणि यायलाच हवा. कारण गंज म्हणजेही लोखंडाची हीच फेरिक ऑक्साइडे, पाणी धरलेली. पावसाळ्यात स्लॅबखालून सिमेंटचा तुकडा निखळतो आणि आतली तांबडी सळई उघडी पडते, तेव्हा तिच्यावर जे दिसते त्यात गोथाइट असते. म्हणजे पिवडीच. मग एकीकडे हा पदार्थ छत पाडतो आणि दुसरीकडे चित्र राखतो, हे कसे? फरक आहे तो वाटचालीचा. सळईतले लोखंड धातू आहे. त्याचा प्रवास नुकताच सुरू झाला आहे. गंज होताना ते मूळ आकाराच्या दुप्पट ते सहापट जागा मागते, आणि त्या फुगण्याने भोवतालचे काँक्रीट फुटते. नुकसान करते ते प्रवासातले फुगणे. पोचलेला गंज निरुपद्रवी असतो. चित्रकाराने वापरलेली माती हा प्रवास लाखो वर्षांपूर्वीच संपवून बसलेली होती. अजिंठ्याच्या कलावंतांना इलेक्ट्रॉनची भाषा ठाऊक नव्हती. पण आधीच जुनी झालेली वस्तू आणखी जुनी होत नाही, हे उन्हापावसात उघडी पडलेली तांबडी माती पाहून त्यांच्या नक्की लक्षात आले असणार.

आता या रंगाला धरून कोण बसले आहे, ते पाहू. अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. ओल्या चुन्यावर काढले तर रंग चुन्याबरोबर दगडासारखा जमतो. इथे कातळावर आधी मातीचा गिलावा आहे : स्थानिक लोहयुक्त माती, दगडाची कच, भाताचे तूस, गवत आणि वनस्पतींचे धागे. त्यावर चुन्याचा पातळ हात आहे आणि त्यावर डिंकासारख्या किंवा सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेला रंग. म्हणजे वरच्या पापुद्र्यातला प्रत्येक कण अमर असला, तरी त्याला धरणारी खळ मर्त्य आहे आणि तिच्याखालची माती त्याहून हळवी. खळ म्हणजे सेंद्रिय पदार्थ. तिच्यावर बुरशी येते, गिलाव्यातल्या तुसावर आणि धाग्यांवर कीड पोसते. मातीतले चिकण कण ओलाव्याने फुगतात आणि वाळले की आकसतात. मे महिन्यात काळ्या रानाला ज्या भेगा पडतात, त्याच कारणाने या गिलाव्यातही सूक्ष्म भेगा पडतात. कातळातून झिरपणाऱ्या पाण्यात विरघळलेले क्षार पृष्ठभागाशी येऊन वाळतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि ते रंगाचा पापुद्रा आतून उचलतात. अशा जागी भिंतीवरून पोपडा पडतो. खाली पडलेल्या पोपड्यावरचा गेरू तेव्हाही तसाच लाल असतो.

हा ओलावा दोन वाटांनी येतो. एक पावसाची. वाघूर नदीच्या वळणावरचा हा कातळ चार महिने भिजतो, आणि भेगांतून पाणी आत येते. दुसरी वाट माणसाची आहे. स्वस्थ बसलेले प्रौढ माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण पन्नास ग्रॅम पाण्याची वाफ सोडते. चाळीस माणसे एखाद्या विहारात पंधरा मिनिटे उभी राहिली असे धरले, तर हिशेब अर्ध्या लिटरवर जातो. म्हणजे कुणी तरी अर्धा लिटर पाणी हळूहळू हवेत उडवून तिथे सोडून गेले. त्यांच्या मागे पुढची चाळीस माणसे येतात. शिवाय प्रत्येक शरीर घरातल्या जुन्या शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता सोडते. गर्दीच्या दिवशी भिंत दिवसभर ओलावते आणि तापते, आणि रात्री निवते. रोजचे हे फुगणे-आकसणे थोडेच असते, पण ते रोजचे असते. फ्लॅशवर बंदी आहे, चित्रे असलेल्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसे सोडण्याची पद्धत आहे, सोमवारी लेणी बंद असतात. हे सगळे योग्यच आहे. मात्र फ्लॅशची बंदी रंगासाठी आहे, आणि अजिंठ्याच्या बहुतेक रंगांना उजेडाची तितकी भीती नाही. श्वासाची भीती भिंतीला आहे, आणि त्या बाजूने आपण तितक्या कळकळीने विचार केलेला नाही.

रंगाकडे पाहत राहून भिंतीला विसरण्याची ही चूक जुनी आहे. १८१९मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने इथे आला आणि लेणी बाहेरच्या जगाला माहीत झाली. १८४४पासून रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. १८७२पासून मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी तेच काम करत राहिले. त्यांच्याही पुष्कळ नकला १८८५च्या आगीत गेल्या. या काळात चित्रे उजळ दिसावीत म्हणून त्यांवर व्हार्निश चढवले गेले. पुढे निजाम सरकारने १९२०च्या सुमारास लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा पुन्हा चिकटवण्याचे मोलाचे काम केले, पण पृष्ठभागावर लाखेचा हातही दिला. काळाच्या ओघात लाखेचा तो थर पिवळा-तपकिरी झाला, आकसला, आणि त्यावर धूळ-काजळी धरली. आज काही चित्रे मळकट तपकिरी वाटतात, त्यात मूळ रंगाचा दोष नाही. पिवळी पडली ती लाख. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ अलीकडच्या दशकांत तो थर कणाकणाने उतरवत आहेत, आणि जिथे तो निघाला तिथे खालून ताजे लाल-हिरवे रंग वर आले आहेत. ज्याला राखणदाराची गरज नव्हती, त्याला आपण राखणदार नेमला, आणि त्यानेच चेहरा झाकला.

यावर पहिला आक्षेप असा येईल : दीड हजार वर्षे चित्रे टिकली, मग आताच एवढा घोर कशाला? याचे उत्तर आकड्यांच्या फसवेपणात आहे. वाकाटक नरेश हरिषेण याच्या काळात, पाचव्या शतकात, ही मोठी विहारे घडली आणि थोड्याच काळात ओस पडत गेली. त्यानंतरची बहुतेक शतके जंगलाने वेढलेल्या आडबाजूच्या दरीत गेली. वटवाघळे, धूर, कीड आणि गळती यांनी तेव्हाही पुष्कळ नासधूस केली; जे आज दिसते ते मूळ चित्रांचा उरलेला अंश आहे. पण रोज शेकडो माणसांचा श्वास झेलण्याचा अनुभव या भिंतींच्या गाठीशी नाही. दीड हजार वर्षांचा पुरावा एकांताबद्दल आहे. गर्दीबद्दल तो काहीच सांगत नाही. दुसरा आक्षेप रसायनशास्त्राच्या बाजूने येईल, आणि तो प्रामाणिकपणे मान्य करायला हवा : लोखंडाची संयुगे अगदीच अविनाशी नाहीत. पाणी साचलेल्या भातखाचरात ऑक्सिजन संपला की जिवाणू फेरिक लोखंडाचे पुन्हा फेरस करतात, आणि तांबडी माती करडी होते. ऑक्झॅलिक आम्लासारखी द्रव्ये गंज विरघळवतात, आणि काही बुरशी असे आम्ल तयार करतात. पण या अपवादांकडे नीट पाहिले तर ते माझ्याच म्हणण्याला पुष्टी देतात. या सगळ्यांना ओलावा लागतो. भिंत कोरडी राहिली तर खळ टिकते, गिलावा टिकतो आणि रंगाला उरलेला थोडासा धोकाही टळतो.

जगात याचा धडा एकदा मिळालेला आहे. फ्रान्समधली लास्कोची गुहा १९४०मध्ये सापडली. तिच्यातली चित्रेही मुख्यतः लोखंडाच्या आणि मँगनीजच्या ऑक्साइडांची होती आणि ती सतरा हजार वर्षांच्या आसपास टिकलेली होती. लोकांसाठी ती खुली झाली, आणि श्वासांनी व दिव्यांनी तिथे हिरवे शेवाळ धरले. १९६३मध्ये गुहा बंद करावी लागली. १९८३मध्ये जवळच तिची हुबेहूब प्रतिकृती उभी राहिली आणि आज लोक ती पाहतात. स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेचीही गत साधारण अशीच झाली. दोन्हीकडे शेवटपर्यंत रंगाने दगा दिला नाही. दगा दिला तो गुहेतल्या हवेने. आपल्यावर कुलूप लावण्याची पाळी आलेली नाही, आणि ती येऊ द्यायची नसेल तर प्रतिकृती आधी आणि कुलूप कधीच नको, असा क्रम आपण लावू शकतो.

आपल्याकडे त्याची सोय झालेलीही आहे. जपानच्या कर्जसाहाय्यातून फर्दापूरजवळ अजिंठा अभ्यागत केंद्र उभे राहिले. त्यात १, २, १६ आणि १७ या चित्रांनी गाजलेल्या लेण्यांच्या प्रतिकृती केल्या. पुढे पाण्याच्या आणि विजेच्या थकलेल्या बिलांपायी या केंद्राचे दरवाजे बंद झाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. माझ्या मते ही बाब एका इमारतीच्या गैरव्यवस्थेपुरती नाही. ते केंद्र म्हणजे लेण्यांच्या संरक्षणाचा पहिला दरवाजा आहे. माणूस तिथे तास-दोन तास उजेडात, निवांत, जवळून चित्रे पाहील. जातककथा समजून घेईल. गेरू, पिवडी आणि हिरवी माती हातात घेऊन पाहील. मग खऱ्या लेण्यात काय पाहायचे ते ठरवून जाईल आणि पंधरा मिनिटांत समाधानाने बाहेर येईल. आज तो अंधुक उजेडात कथा शोधत रेंगाळतो आणि तेवढा वेळ श्वास सोडत राहतो. त्याचा वेळ फर्दापुरात जाणे हाच गर्दीवरचा सर्वांत सौम्य इलाज आहे.

‘नकलेसाठी कोण येईल?’ असे विचारले जाईल. नकलेसाठी कुणी येऊ नये. खऱ्यासाठी यावे आणि नकलेने तयार होऊन जावे. ‘स्थानिकांच्या पोटाचे काय?’ हा प्रश्न त्याहून मोलाचा आहे. फर्दापूर आणि सोयगाव तालुक्यातल्या कितीतरी घरांची चूल या वाटेवर पेटते : हॉटेले, मार्गदर्शक, स्फटिक विकणारे, रिक्षावाले. पण आजची घाईची फेरी त्यांना काय देते? सकाळी छत्रपती संभाजीनगरहून किंवा जळगावहून निघालेला माणूस लेणी उरकून संध्याकाळी परततो. केंद्र नीट चालले, तर तोच माणूस इथे मुक्काम करेल. लेण्यावरचा भार कमी होईल आणि गावाचा व्यवहार वाढेल. जतन आणि रोजगार यांचा झगडा असतोच असे मानून आपण दोन्ही गमावतो. इथे दोघांची गरज एकच आहे : माणसाने फर्दापुरात जास्त वेळ काढावा.

तेव्हा मागणी साधी आहे. अभ्यागत केंद्राच्या पाण्या-विजेचा खर्च जतनाच्या खर्चात धरावा आणि तो कधी थकू देऊ नये. चित्रांच्या प्रत्येक लेण्यात आर्द्रता आणि तापमान सतत मोजावे, ते आकडे लोकांपुढे ठेवावेत, आणि एका वेळी किती माणसे सोडायची हे त्या दिवसाच्या आर्द्रतेवरून ठरवावे. पावसाळ्यात हा आकडा वेगळा असावा, कारण भिंतीसाठी तो ऋतूच वेगळा आहे. कातळातली गळती थांबवण्याचे काम चित्रांच्या सफाईच्या आधी यावे. आणि रंगावर कोणताही नवा लेप चढवण्यापूर्वी लाखेची आठवण ठेवावी.

खेड्यातल्या मातीच्या घराला दिवाळीच्या तोंडावर गेरूचा पट्टा ओढतात. पावसाने तो जातो, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात गेरू जात नाही. भिंतीची माती सुटते आणि तिच्याबरोबर तो ओघळून जातो. घरधनीण ओल्या मातीने भिंत पुन्हा लिंपते आणि नवा पट्टा ओढते, कारण घराची भिंत दरवर्षी नवी करता येते. अजिंठ्याची भिंत लिंपायला त्या हाताचे कुणी आता उरलेले नाही. लोखंडाने आपले काम केले आहे आणि तो रंग आपल्या नातवंडांनाही तेवढाच लाल दिसू शकतो. त्याच्याखालची बोटभर माती कोरडी ठेवणे, एवढेच काम त्या चित्रकारांनी आपल्यावर सोपवले आहे.